ब्रिटनच्या जुन्या तिकिटांच्या छटा ओळखायच्या कशा? आजोबांची वही, देवळाली कॅम्प

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. आजोबांची तिकिटांची वही वाटणीत माझ्याकडे आली. (बाकीच्यांनी तांब्या-पितळेची भांडी घेतली.) आजोबा देवळाली कॅम्पात एका बेकरीत हिशेब लिहायचे. गोऱ्या सोल्जरांना घरून पत्रं यायची, त्यांच्या पाकिटांवरची तिकिटं आजोबांना सहज मिळायची. त्याहून जुनी, व्हिक्टोरिया राणीची तिकिटं बहुतेक अदलाबदलीतली. भारताची पानं मी लावून घेतली. ब्रिटनच्या पानांवर मात्र अडकले, कारण कॅटलॉगात एकाच तिकिटाला चार-चार रंग दिलेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी.

माझ्यापुढे काय आहे ते सांगते. एक पेनीची लाल तिकिटं मूठभर. काही विटकरी, काही गुलाबीकडे झुकलेली, एक तर पिकलेल्या करवंदाच्या रसासारखं. त्यातल्याच एकाच्या कडेच्या नक्षीत मला ७७ आकडा दिसतोय, आणि नेटवर ७७ बद्दल वाचल्यापासून झोप उडालीय. मग एक पेनीची जांभळी, त्यातलं एक निळसर. व्हिक्टोरियाचंच चार पेन्सचं हिरवं, जे आता हिरवं कमी आणि पिवळं जास्त आहे. एडवर्डची अर्ध्या पेनीची दोन, हिरवीच पण दोन तऱ्हेची. समुद्री घोड्यांचं मोठं तपकिरी अर्धा क्राउन (म्हणजे अडीच शिलिंगचं). आणि पंचम जॉर्जचं दोन पेन्सचं, जे नारिंगी असायला हवं ते चक्क चॉकलेटी.

एका विक्रेत्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "करवंदी आहे ते लेक रेड, रेअर शेड, पण वही पूर्ण द्यायची असेल तरच बोला." मोबाइलवरच्या ॲपने त्याच तिकिटाला सकाळी रोझ रेड म्हटलं आणि रात्री ब्राउन. कुणावर विश्वास ठेवू?

जेलरोडकर

पहिली गोष्ट, वही विकू नका. रेअर असतं तर त्याने एकच मागितलं असतं, वही कशाला हवी त्याला?

स्टॅनली गिबन्स ह्या इंग्लंडच्या कॅटलॉगवाल्या कंपनीची कलर की मिळते, रंगांच्या पट्ट्यांची. ती घ्या. पट्टीला भोक असतं, खाली तिकीट सरकवायचं आणि जुळवायचं. ७७ चं म्हणाल तर फोटो टाका, मीही झोपणार नाही.

छापखानेवाला

ताई, छटेकडे सगळ्यात शेवटी या. कलर कीकडे त्याच्याही नंतर.

भद्रकालीत आमचा छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं केलं. लग्नपत्रिकेचा लाल एकाच डब्यातला असला तरी पहिल्या शंभर प्रती आणि शेवटच्या शंभर शेजारी ठेवल्या की गिऱ्हाईक भांडायला उभं. रोलरवर शाई किती चढली, हवा दमट की कोरडी, कागद कुठल्या रिमचा, दाब किती, सगळं रंगात उतरतं. तुमच्या वहीतल्या लाल पेनीची चारही कोपऱ्यांत अक्षरं असलेली मालिका १८६४ पासून पुढे पंधरा वर्षं, दीडशेच्या आसपास प्लेटांवरून छापली गेली. त्यात लाल एकच निघेल अशी अपेक्षा फक्त ज्याने कधी शाईत हात घातला नाही तोच करेल. म्हणून "किती लाल" हा प्रश्न आधी विचारायचा नाही. आधी विचारायचं, हे कुठल्या पद्धतीने छापलंय, कुणी छापलंय, कधी छापलंय. त्यातून उरतात दोन-तीन छटा, आणि दोन-तीनांतून एक निवडणं डोळ्याला जमतं. वीसमधून कुणालाच जमत नाही, त्या विक्रेत्यालाही नाही.

लाल पेनी ही कोरीव पोलादी प्लेटेवरची छपाई. रेघा प्लेटेत खोदलेल्या असतात. त्यात शाई भरायची, वरचा भाग पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागद जोराने दाबायचा, म्हणजे कागद खाचेतली शाई उचलतो. भिंगाखाली तिकीट तिरकं धरलं की शाई कागदावर उभी राहिलेली दिसते. आता प्लेट झिजली की खाच उथळ होते, शाई कमी बसते आणि तिकीट फिकं निघतं. शाई तीच, डबा तोच, छपाई फिकी. पुष्कळ लोक ह्या झिजलेल्या प्लेटेच्या तिकिटांना वेगळी छटा म्हणून मिरवतात. म्हणून रंग बघताना तिकिटाचा सगळ्यात गडद, भरलेला भाग बघायचा. सबंध तिकिटाकडे लांबून बघून जे वाटतं त्यावर जायचं नाही.

कागदाचंही तसंच. तुमच्या मुठीत एखादं असं असेल की वरच्या दोन कोपऱ्यांत अक्षरांऐवजी चांदणीसारखी नक्षी आहे आणि अक्षरं फक्त खाली. ते आधीच्या काळातलं. अगदी सुरुवातीची, १८४१ पासूनची, कडेला भोकं नसलेली, कात्रीने कापलेली. १८५४ मध्ये भोकं आली, आधी सोळाची (म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये सोळा), लगेच पुढच्या वर्षी चौदाची. १८५५ लाच कागदातला मुकुटाचा वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, लहानाचा मोठा झाला. ह्या जुन्या तिकिटांचा कागद बऱ्याचदा निळसर पडलेला असतो, कारण शाईतल्या प्रुशिएटची ओल्या कागदाशी क्रिया झाली. निळ्या कागदावरचा लाल डोळ्याला तपकिरी भासतो. तिकीट उलटं करा, मागून निळं दिसलं की समोरच्या रंगावर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

आता ७७. नक्षीतला आकडा म्हणजे प्लेटेचा क्रमांक. प्लेट ७७ नाकारली गेली होती, तरी तिची काही तिकिटं बाहेर पडली, आणि आजवर सापडलेली बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यामुळे जगात दररोज कुणाला ना कुणाला ७७ "दिसतो". बहुतेक वेळा ते १७७ असतं, ज्याचा १ नक्षीत बुडालेला किंवा शिक्क्याखाली गेलेला असतो. कधी ७३ चा ३ शाईने भरून ७ सारखा दिसतो. आकडा डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या नक्षीत असतो, आडवा पडलेला. दोन्हीकडे बघा. दहापट भिंग सराफ बाजारात कुणीही सराफ दोन मिनिटं देईल, फक्त तिकीट चिमट्याने धरा म्हणजे तोही जपून वागेल.

जांभळ्याकडे येऊ. १८८१ ची एक पेनी, लायलॅक. ही उठावाची छपाई, म्हणजे आमच्या ट्रेडलची, पायाने चालवायच्या यंत्राचीच जात, लंडनला डे ला रू कंपनीने केलेली. कोपऱ्यातले ठिपके मोजा. प्रत्येक कोपऱ्यात १४ असतील तर पहिली डाय (चित्राचा मूळ साचा), ती १२ जुलैपासून फक्त डिसेंबरपर्यंत चालली. १६ असतील तर दुसरी, ती थेट १९०१ पर्यंत. ठिपके मोजताना कुठल्याही कलर कीची गरज लागत नाही, तरी तिकिटाची किंमत निम्म्याहून जास्त तिथेच ठरते. आणखी एक. आजोबांना देवळालीत आलेल्या पाकिटावरून एकटं एक पेनीचं तिकीट मिळालं असेल तर ते बहुधा १८९८ च्या नाताळानंतरचं असणार, कारण ब्रिटनहून हिंदुस्थानात एका पेनीत साधं पत्र तेव्हापासून येऊ लागलं. म्हणजे सोळा ठिपके.

निळसर आहे त्याचं मात्र वाईट वाटतं. ती शाई मुद्दाम पाण्याने उतरणारी बनवली होती, जेणेकरून शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. पाण्यात सोडलं की लायलॅक फिकट निळसर होतो. कॅटलॉगात निळसर लायलॅक अशी महाग छटा आहेच, त्यामुळे धुतलेली तिकिटं त्या नावाने फिरतात. ओळखायची खूण: धुतलेल्यात रंग सगळीकडे सारखा पातळ झालेला, रेघांच्या कडा पुसट, आणि शिक्काही थोडा फिका. खऱ्या छटेत रेघ धारदार राहते.

चार पेन्स हिरव्याचीही तीच गत. १८८३-८४ च्या मालिकेत दीड ते तीन पेन्स लायलॅक आणि चार पेन्सपासून शिलिंगपर्यंत मंद हिरवं, सगळं ह्याच कच्च्या शाईचं. खरा रंग मळकट, जरा धुरकट हिरवा असतो. पिवळं झालं म्हणजे ते पाण्यात जाऊन आलंय. छटा नाही ती, धुणं आहे. आठवण म्हणून ठेवा, कॅटलॉगची किंमत समोर लिहू नका.

राहिलेली उद्या लिहितो, डोळे थकले.

पंचवटीकर

काका, ऑफिसातून येताना सराफाकडे थांबले. डावीकडे ७७, उजवीकडे १७७. स्पष्ट. सराफ म्हणाला, "मग सोनं नाही ना?" झोप परत आली. बाकी सगळ्या जांभळ्यांवर १६ ठिपके आहेत, एकाचा कोपरा कापलेला आहे तिथे सांगता येत नाही. निळसर तिकिटाच्या रेघा पुसटच आहेत, शिक्काही. हिरवं तर आजोबांनीच पाण्यात टाकलेलं असणार, त्यांना पाकीट भिजवून तिकीट सोडवायची फार हौस होती असं आई सांगते.

कोपऱ्यातली अक्षरं काय सांगतात? करवंदीच्या खाली बी आणि जी आहे, वर जी आणि बी.

जेलरोडकर

शीटवरची जागा. २० रांगा, रांगेत १२ तिकिटं, म्हणजे २४०, आणि तेव्हाच्या पौंडात २४० पेन्स, म्हणजे एक शीट एक पौंड. डावीकडचं खालचं अक्षर रांग, उजवीकडचं खाना. तुमचं दुसऱ्या रांगेतलं सातवं. वर तेच उलटं. छटेशी काही संबंध नाही, पण काही मंडळी सगळ्या २४० जागा जमवत बसतात, त्यांच्याकडे तुमची जास्तीची लाल खपतील.

छापखानेवाला

एडवर्डची अर्धी पेनी. जानेवारी १९०२ ला निळसर हिरवी आली, १९०४ च्या नोव्हेंबरात पिवळट हिरवी. इथपर्यंत डे ला रूचंच काम. त्यांचं कंत्राट १९१० च्या अखेरीस संपलं, मग १९११ मध्ये हॅरिसन कंपनीकडे गेलं. काही जास्त किमतीची तिकिटं सॉमरसेट हाउसमध्ये सरकारनेच छापली, पण अर्ध्या आणि एक पेनीला तो विचार करायची गरज नाही, तिथे डे ला रू किंवा हॅरिसन एवढंच. आता बघा, हिरव्याच्या तीन-चार छटांत गोंधळण्याऐवजी शिक्क्यावरची तारीख वाचा. १९१० किंवा आधी असेल तर डे ला रू, विषय संपला. तारीख नसेल तर कडेची भोकं मोजा, दोन सेंटिमीटरमध्ये किती ते. परफोरेशन गेज प्लास्टिकचं येतं, स्वस्त असतं. आडवी १५ आणि उभी १४ आली तर हॅरिसन, दुसरं कुणी नाही. सगळीकडे १४ आली तरच छपाई बघायची वेळ येते. हॅरिसनची छपाई डे ला रूपेक्षा भरड. छापखान्यात काढलेलं आयुष्य सांगतं, कंत्राट नव्या हातात गेलं की पहिलं वर्ष असंच जातं.

एक धोक्याची सूचना. जुन्या पुस्तकांत लिहिलंय की चकचकीत खडूचा लेप असलेला कागद ओळखायला चांदी घासून बघा, काळी रेघ उमटते. उमटते हे खरं. ती नीट पुसली जाईल याचा भरवसा नाही हेही खरं. सराफाकडे जाताय म्हणून आत्ताच सांगतो.

समुद्री घोड्यांचं अर्धा क्राउन पुन्हा कोरीव प्लेटेचं, आणि ह्यात मजा आहे. १९१३ ला वॉटरलो, १९१५ अखेरीस डे ला रू, १९१८ ला ब्रॅडबरी विल्किन्सन, तिघांनी एकाच चित्रावर काम केलं. तपकिरीच्या छटा तिघांत एकमेकांत मिसळतात, विशेषतः डे ला रूच्या पिवळट तपकिरीपासून पार गडदपर्यंत जातात. म्हणून पट्टी घ्या. शाळेची नको, स्टीलची. चित्राची उंची, वरच्या चौकटीपासून खालच्या चौकटीपर्यंत. पहिल्या दोघांची २२ मिलिमीटरच्या आसपास, ब्रॅडबरीची २३ च्या जवळ. ब्रॅडबरीच्या वरच्या कडेला मधोमध एक शाईचा बारीक ठिपकाही पुष्कळदा राहिलेला असतो. राजाच्या चेहऱ्यामागे नुसत्या आडव्या रेघा नसून तिरक्याही असतील तर मात्र ते १९३४ चं नव्याने कोरलेलं.

ही उंचीची भानगड माझ्या मते ओल्या कागदाने होते. कोरीव छपाईला कागद ओला लागतो, वाळताना तो आकसतो, आणि प्रत्येक कारखान्याचा ओलेपणा वेगळा. ब्रॅडबरीचा कागद कमी आकसत असावा. मला ह्याच्यापुढे रंगाचं कौतुक नाही.

पुणेकर_पेनी

ह्यात पहिल्या महायुद्धाचं राहिलं. पंचम जॉर्जच्या तिकिटांत १९१४ नंतर छटांचा जो सुळसुळाट होतो त्याचं कारण जर्मन रंग यायचे बंद झाले. इंग्लंडचे छापखाने त्याच रंगांवर अवलंबून होते. मग जे मिळेल त्यातून शाई. त्यामुळे एक पेनी लाल आणि दीड पेन्स तपकिरीच्या छटा लावताना तारीखवार लावल्या तर क्रम लागतो, नुसत्या रंगाने लावल्या तर कधीच लागत नाही.

आणि महाग नावांपासून सावध राहा. १९३५ च्या, पंचम जॉर्जच्या सिल्व्हर ज्युबिलीचा अडीच पेन्स प्रशियन ब्लू म्हणून जो तो दाखवतो. तो चुकीच्या निळ्यात छापला गेला होता, त्याच्या तीन शीट लंडनच्या अप्पर एडमंटनच्या पोस्टातून विकल्या गेल्या. तेवढ्यातली एक देवळालीला आली असेल तर मला कळवा. असल्या गोष्टींना तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र लागतं, लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी देते. साध्या छटेला ते करू नका, तिकिटापेक्षा फी जास्त होईल.

पंचवटीकर

स्टीलच्या पट्टीवर २३ च्या एक केस अलीकडे. ठिपका आहे! म्हणजे ब्रॅडबरी. एडवर्डच्या एका हिरव्यावर १९०३ वाचता येतंय, तेच निळसर आहे. दुसऱ्याची भोकं १५ आणि १४. म्हणजे हॅरिसन, बरोबर? रंग न बघता दोन्ही लागली, कमाल आहे.

पण करवंदी अजून तशीच. प्लेट १०३ आहे, चारही कोपऱ्यांत अक्षरं. कॅटलॉगात रोझ रेड आणि लेक रेड दोनच नावं उरलीत. आता तरी रंग बघू का?

छापखानेवाला

आता बघा.

खोलीतला दिवा बंद. एलईडी आणि ट्यूबलाइट दोन्ही लाल रंगाची वाट लावतात, म्हणूनच तुमचं ॲप सकाळी एक आणि रात्री एक बोललं. मोबाइलचा कॅमेरा शिवाय स्वतःच्या मनाने रंग सुधारतो. उत्तरेच्या खिडकीपाशी बसा, सकाळी दहाच्या पुढे, थेट ऊन नको. सध्या ढग आहेत, उत्तम. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पूर बघायला जाण्याआधी हे काम उरकून घ्या. टेबलावर करड्या रंगाचा जाड कागद अंथरा. दुसऱ्या करड्या कागदाला शेजारी-शेजारी दोन लहान चौकोनी खिडक्या कापा, साधारण अर्ध्या तिकिटाएवढ्या. एकीखाली करवंदी, दुसरीखाली तुमच्याच मुठीतली दुसरी लाल, एकेक करून. कडेचा पांढरा कागद, शिक्का, पिवळा पडलेला डिंक, हे काही दिसता कामा नये, फक्त शाई. पांढऱ्या टेबलक्लॉथवर बघितलं तर प्रत्येक तिकीट गडद वाटतं.

लेक रेडमध्ये लालाच्या पोटात निळा असतो, म्हणून तुम्हाला करवंद आठवलं. रोझ रेड कितीही गडद असला तरी गुलाबीच्या घराण्यातला. पण फरक बाकीच्या लालांशी लावून बघितल्याशिवाय ठरवू नका. तुमच्याकडे मूठभर आहेत हे नशीब. ज्याच्याकडे एकच आहे त्याला छटा सांगता येत नाही, कलर की असली तरी. त्या कीवर सपाट रंग असतो, प्रुफासारखा, आणि तिकिटावर रेघा असतात, मधून कागद डोकावतो. मी म्हणूनच वापरत नाही. त्याऐवजी स्पष्ट तारखेचा शिक्का असलेली साधी, फाटकी तिकिटं गोळा करतो. दोन-पाच रुपयांना मिळतात, कोपरा गेला तरी रंग जात नाही.

आणि समजा लेक रेडच निघाला, तरी तो विक्रेता सांगतो तसा रेअर वगैरे नाही. वापरलेल्या तिकिटात रोझ रेड आणि लेक रेडमध्ये फार फरक पडत नाही, प्लेटेच्या आकड्याने जास्त पडतो.

जेलरोडकर

काकांनी तारखेच्या तिकिटांचं सांगितलं ते पटलं. ताई, सराव करायचा असेल तर आपल्या गावच्या मालावर करा. पंचम जॉर्जची भारताची तिकिटं आधी लंडनहून डे ला रू छापून पाठवायची, १९२६ पासून ती नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापायला लागली. डिझाइन तेच. लंडनच्या कागदात वॉटरमार्कचा तारा एकेकटा, नाशिकच्या कागदात तारेच तारे. काळ्या फरशीवर उलटं ठेवलं तरी बऱ्याचदा दिसतं. नाही दिसलं तर लायटर फ्लुइडचा एक थेंब, पण देवापुढची समई विझवून मगच. आजोबांच्या वहीत दोन्ही असणारच. आधी वॉटरमार्क बघून दोन ढीग करा, मग रंग शेजारी लावा. कुठला कारखाना कसा छापतो हे डोळ्यात बसतं, आणि तिकीट खराब झालं तरी जीव जात नाही.

पंचवटीकर

आहेत, दोन्ही आहेत! रविवारी करते. ते चॉकलेटी दोन पेन्स तेवढं राहिलं. नारिंगीचं चॉकलेटी ही पण छटा नाही ना?

पुणेकर_पेनी

नाही. हवेतल्या गंधकाने काळं पडलंय, नारिंगी आणि लाल शाईंना ते होतंच. वहीला रबर बँड लावलेला होता का? त्यातही गंधक असतं. औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड बारीक ब्रशने तिकिटाच्या तोंडावर लावा, काही मिनिटांत नारिंगी वर येतो, मग टिपकागदात दाबून वाळवा. ह्या एकाच तिकिटावर करा. लायलॅक आणि हिरव्याच्या जवळही नेऊ नका.

छापखानेवाला

आणि रबर बँड काढा.